बातमीचे मोल कोणी द्यावे व कोणी घ्यावे?

कल्याण सोडून गाडी कर्जतच्या बाजूस वळली म्हणजे विठ्ठलवाडीच्या पुढे उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही तीन नगरे एकापाठोपाठ एक लागतात. पहिले नगर फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांच्या छावणीतून उभे राहिले आणि १९४९ साली त्यास उल्हासनगर हे नाव मिळाले. दुसरे शिलाहारांच्या काळच्या शिवमंदिरामुळे व पुढे कारखान्यांमुळे लोकांस ठाऊक झाले. तिसरे उल्हास नदीच्या काठी आहे, आणि तेथील पुष्कळ कर्ते लोक पहाटेच्या लोकलने मुंबईस कामाला जातात. ह्या भागातील सामान्य मनुष्य वर्तमानपत्र वाचणारा असतो. स्वतः वर्तमानपत्रात येण्याचा प्रसंग त्याच्यावर सहसा येत नाही.

तथापि गेल्या काही वर्षांत तसे प्रसंग आले. २०१९ च्या २६ जुलैच्या रात्री मुंबईहून कोल्हापुरास निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर व वांगणी ह्यांच्यामध्ये पुराच्या पाण्यात अडकली, आणि दुसऱ्या दिवशी सुमारे १,०५० उतारूंस बाहेर काढण्यात आले. २०२१ च्या १७ एप्रिलला वांगणी स्थानकात एका दृष्टिहीन मातेचे मूल रुळांवर पडले असता मयूर शेळके नावाच्या पॉइंट्समनने समोरून येणाऱ्या गाडीकडे धावत जाऊन त्यास फलाटावर चढविले. २०२४ च्या ऑगस्टात बदलापुरातील एका शाळेत दोन लहान मुलींवर अत्याचार झाल्याची फिर्याद झाली, आणि त्या महिन्याच्या २० तारखेस संतापलेल्या लोकांनी कित्येक तास लोहमार्ग रोखून धरिला. प्रत्येक वेळी देशभरचे वार्ताहर ह्या लहानशा स्थानकांवर उतरले. काल ज्यांस कोणी विचारीत नव्हते त्यांच्या दारांत कॅमेरे उभे राहिले.

ह्या प्रसंगी कोणी बातमीचे पैसे दिले किंवा घेतले असे आमचे म्हणणे मुळीच नाही. परंतु असा प्रसंग कोणत्याही गावावर उद्या येऊ शकतो. आणि ज्याने पाहिले, ज्याने सोसले, त्याच्यासमोर एखादा पाहुणा नोटा मोजू लागला तर काय करावे, ह्याचा विचार त्याच क्षणी होत नसतो. तो आधी करून ठेवावा लागतो. म्हणून हा पाठ.

प्रथम एक गोंधळ दूर केला पाहिजे. बातमीच्या व्यवहारात पैसा हातांतून हातांत जातो तो सर्वच निंद्य नव्हे. जो वार्ताहर चार गावे हिंडून मजकूर लिहितो त्यास त्याचे वेतन मिळालेच पाहिजे. ज्याने पुरात उभे राहून छायाचित्र घेतले त्याचे ते छायाचित्र हे त्याच्या हातचे काम आहे, आणि एखाद्या पत्राने ते छापले तर त्याचा मोबदला मागणे हा त्याचा हक्क आहे. अमेरिकेत १९६३ साली अध्यक्ष केनेडी ह्यांचा खून झाला तेव्हा अब्राहम झाप्रूडर नावाच्या एका कपड्याच्या व्यापाऱ्याने आपल्या घरगुती कॅमेऱ्यात तो प्रसंग टिपला होता. 'लाइफ' साप्ताहिकाने त्या फितीचे दीड लाख डॉलर दिले. त्यांतले पहिले २५ हजार झाप्रूडरने त्याच दिवशी मारल्या गेलेल्या एका शिपायाच्या विधवेस देऊन टाकिले. वांगणीच्या शेळक्यांस रेल्वेने ५० हजार रुपये बक्षीस दिले तेव्हा त्यांनीही अर्धी रक्कम त्या माता-पुत्रांस देण्याचे जाहीर केले. शेळक्यांचे पैसे हे केलेल्या कृत्याचे बक्षीस होते, झाप्रूडरचे एका वस्तूची किंमत. तोंडच्या हकिकतीची किंमत म्हणून दोघांपैकी कोणालाच काही मिळाले नाही. फीत जशी आहे तशीच राहते. पैसे अधिक दिले म्हणून तिच्यात दिसणारी मोटार वेगळ्या बाजूने जात नाही.

मनुष्याच्या स्मरणाचे तसे नाही. आपण जे पाहिले ते सांगताना आपण ऐकणाऱ्याच्या तोंडाकडे पाहत असतो, आणि त्याचे तोंड फुलले की आपली जीभ थोडी पुढे जाते. हे पैशाविनाही घडते. चावडीवर बसणाऱ्या कोणासही हे सांगावे लागणार नाही. मग ऐकणाऱ्याच्या हातात थैली असेल तर काय होईल?

जुन्या करारात ह्याचे जे उदाहरण आहे त्याच्याहून नेमके उदाहरण आम्हांस कोठे आढळले नाही. गिलबोवाच्या डोंगरावर शौल राजा स्वतःच्या तरवारीवर पडून मेला, असे शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाच्या शेवटी सांगितले आहे. दुसरे पुस्तक उघडताच एक अमालेकी तरुण शौलाचा मुकुट व बाहुभूषण घेऊन सिकलागास दाविदाकडे येतो आणि सांगतो की, राजाला मीच मारिले. दाविदाला हे ऐकून आनंद होईल असा त्याचा अंदाज होता. पुढे चौथ्या अध्यायात दावीद स्वतः बोलून दाखवितो की त्या मनुष्यास बातमीच्या बक्षिसाची आशा होती. येथे लक्षात घेण्यासारखे एवढेच की, त्याच्या बातमीचा मुख्य भाग खरा होता. शौल मेला होता. मुकुट खरा होता. खोटा होता तो फक्त तेवढाच भाग, ज्याची किंमत अधिक येईल असे त्यास वाटले. विकलेल्या बातमीत खोटेपणा शिरतो तो बहुधा असाच, खऱ्याच्या अंगास चिकटून. म्हणून तो ओळखण्यास कठीण. त्या तरुणास दाविदाकडून बक्षीस मिळाले नाही, प्राणच द्यावा लागला.

हीच गोष्ट न्यायालयाच्या दारात कशी दिसते ते पाहा. इंग्लंडात १९७९ साली लिबरल पक्षाचे माजी पुढारी जेरेमी थॉर्प ह्यांच्यावर खुनाच्या कटाचा खटला चालला. सरकारतर्फेचा एक प्रमुख साक्षीदार पीटर बेसेल हा होता. त्याने आपली हकिकत 'संडे टेलिग्राफ' ह्या पत्रास देण्याचा करार केला होता, आणि त्या करारात दोन किमती लिहिल्या होत्या: थॉर्प दोषी ठरल्यास ५० हजार पौंड, सुटल्यास २५ हजार. बचावाच्या वकिलाने ही गोष्ट ज्यूरीपुढे मांडली. मग बेसेल जे बोलत होता ते अक्षरशः खरे असले तरी त्याचा काय उपयोग? आरोपी दोषी ठरण्यात ज्या साक्षीदाराचा २५ हजार पौंडांचा लाभ आहे त्याच्यावर विश्वास ठेवा असे कोणत्या तोंडाने म्हणावे? थॉर्प व त्यांच्याबरोबरचे आरोपी निर्दोष सुटले. ज्या पत्राने बातमीवर पैसा ओतला त्यानेच त्या बातमीच्या साक्षीदाराला निकामी केले.

त्याच्या तेरा वर्षे आधी, १९६६ साली, लहान मुलांच्या निर्घृण खुनांचा एक खटला चेस्टर येथे चालला तेव्हाही प्रमुख साक्षीदारास एका साप्ताहिकाकडून पैसे मिळत असल्याचे उघड झाले होते. इतर पुरावा भक्कम होता म्हणून आरोपींस शिक्षा झाली. परंतु त्या वेळी इतका गवगवा झाला की तेथील पत्रकारांच्या मंडळाने साक्षीदारांस पैसे देण्याविरुद्ध नियम घोषित केला. आजही ब्रिटिश संपादकांच्या आचारसंहितेत साक्षीदारांस व गुन्हेगारांस पैसे देण्याविषयी स्वतंत्र कलमे आहेत.

आपल्या देशातही खेड्यातील साक्षीदाराने हे नीट समजून घेतले पाहिजे. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात असे एक कलम होते की, साक्षीदाराने लाच घेतली किंवा साक्षीसाठी दुसरे काही भ्रष्ट प्रलोभन स्वीकारले असे सिद्ध करून विरुद्ध पक्षास त्याच्या विश्वासार्हतेवर आघात करता येतो. १ जुलै २०२४ पासून त्या कायद्याच्या जागी नवा भारतीय साक्ष अधिनियम आला, त्यातही ही तरतूद कायम आहे. तेव्हा ज्याच्या डोळ्यांदेखत गुन्हा घडला आहे अशा मनुष्याने एखाद्या वाहिनीकडून दोन हजार रुपये घेतले, तर ते दोन हजार रुपये उद्या उलटतपासणीत त्याच्यापुढे ठेविले जातील. वकील विचारील, 'किती मिळाले?' ह्या प्रश्नाला खरे उत्तर दिले तरी नुकसान, खोटे दिले तर अधिकच नुकसान. आणि ते सोसावे लागेल ज्याच्यावर अन्याय झाला त्याला.

कोणी म्हणेल, न्यायालयदेखील साक्षीदारास भत्ता देते. देते खरे, परंतु तो भत्ता येण्याजाण्याच्या खर्चापुरता असतो, आणि साक्ष कोणाच्या बाजूने पडली ह्यावर तो कमीअधिक होत नाही. बेसेलच्या दोन किमतींच्या शेजारी हा भत्ता ठेवून पाहिला म्हणजे भेद आपोआप कळतो. म्हणून ज्या मजुराची हकिकत ऐकण्यासाठी वार्ताहराने त्याचा दिवस मोडला त्यास बुडालेली मजुरी व एसटीचे भाडे देण्यात आम्हांस दोष दिसत नाही, मात्र ते उघडपणे द्यावे व तो काय बोलणार हे कळण्यापूर्वी ठरवावे.

येथे आमच्या म्हणण्याच्या विरुद्ध जाणारे एक मोठे उदाहरण आहे, ते टाळणे बरोबर होणार नाही. २००९ साली लंडनच्या 'डेली टेलिग्राफ'ने ब्रिटिश पार्लमेंटच्या सभासदांनी सरकारी खर्चाच्या नावाखाली काय काय उकळले होते ह्याची कागदपत्रे प्रसिद्ध केली. ती असलेली तबकडी त्या पत्राने सुमारे १ लाख १० हजार पौंड मोजून मिळविली होती. परिणाम असा झाला की कॉमन्स सभेच्या सभापतीस पद सोडावे लागले आणि काही सभासद तुरुंगात गेले. लोकांचे हित झाले, ह्यात संशय नाही. मग पैसे देणे योग्य होते काय? आमच्या मते येथेही फीत व स्मरण ह्यांतला तोच भेद कामी येतो. खर्चाच्या नोंदी पैसे देऊन बदलल्या नाहीत; त्या ताडून पाहता येत होत्या, आणि ताडून पाहिल्याही गेल्या. तथापि ह्याच देशात दोन वर्षांनी, २०११ साली, 'न्यूज ऑफ द वर्ल्ड' हे दीडशेहून अधिक वर्षांचे साप्ताहिक लोकांच्या दूरध्वनींतील निरोप चोरून ऐकल्याच्या प्रकरणात बंद पडले, व त्या चौकशीतून पोलिसांस व सरकारी नोकरांस बातम्यांसाठी पैसे पोहोचविले जात होते हेही बाहेर आले. एकदा थैली उघडली की ती केवळ पुण्यकर्मासाठी उघडी राहील असा भरवसा कोणी द्यावा? आपल्याकडे २०१८ च्या दुरुस्तीनंतर सरकारी नोकरास लाच देणे हाही सरळ गुन्हा आहे. देणारा वार्ताहर असला म्हणून तो वेगळा होत नाही.

आता मराठी वाचकास जवळची अशी गोष्ट. १९८१ साली 'इंडियन एक्सप्रेस'चे वार्ताहर अश्विनी सरीन ह्यांनी मध्य प्रदेशात स्त्रियांची विक्री चालते हे सिद्ध करण्यासाठी एक स्त्री २,३०० रुपयांस विकत घेतली आणि तो वृत्तान्त आपल्या पत्रात छापला. देश हादरला. नुसता आरोप केला असता तर अधिकाऱ्यांनी कानांवर हात ठेविले असते; येथे विक्री झाल्याचा पुरावाच समोर उभा होता. त्याच वर्षी विजय तेंडुलकर ह्यांनी ह्या घटनेवरून 'कमला' हे नाटक लिहिले. नाटकातील पत्रकार जयसिंग जाधव कमला नावाची आदिवासी स्त्री बाजारातून विकत आणतो, पत्रकार परिषदेत तिला उभी करतो आणि काम झाल्यावर आश्रमात पाठवून देतो. मध्यंतरी ती स्त्री घरात असते, आणि जयसिंगाची बायको सरिता हिला भोळेपणाने विचारते की, तुला केवढ्याला घेतले. सरिता सुशिक्षित, सुस्थितीतली. त्या प्रश्नाने तिला आपल्या घराकडे प्रथमच नीट पाहावेसे वाटते.

तेंडुलकरांनी ह्यात पत्रकाराला दुष्ट दाखविलेले नाही. तो धाडसी आहे, आपल्या कामावर त्याची निष्ठा आहे, आणि जो अन्याय तो उघड करतो तो खराच आहे. गफलत कोठे आहे? आमच्या मते ती अशी की, ज्या बाजाराविरुद्ध त्याने लेखणी उचलली त्याच बाजारात तो गिऱ्हाईक झाला, आणि विकत घेतलेल्या वस्तूशी मनुष्य जसा वागतो तसा नकळत त्या स्त्रीशी वागू लागला. तिला परिषदेत यावयाचे आहे की नाही हे त्याने तिला विचारले नाही; आणलेल्या मालाला असे कोणी विचारीत नसते. पैसे देऊन हकिकत मिळविण्यातला धोका केवळ खोट्या साक्षीचा नाही, हे ह्यावरून दिसते. हकिकत शंभर टक्के खरी असूनही ज्याची ती हकिकत आहे त्याची योग्यता कमी होऊ शकते. प्रत्यक्ष घटनेत सरीन ह्यांनी केले ते बरोबर की चूक ह्यावर सुज्ञ लोकांत मतभेद आहेत. आम्हांस विचाराल तर तो सौदा एखाद्या वेळी अपरिहार्य असेल, पण तो झाल्यावर त्या स्त्रीच्या पुढील आयुष्याची जबाबदारी वर्तमानपत्रावर आयुष्यभर राहते; बातमी शिळी झाल्याने ती संपत नाही.

पैसा हे बातमी देणाऱ्याचे एकच प्रलोभन आहे असे मात्र कोणी समजू नये. कोल्हापूर संस्थानातील छत्रपतींचा छळ होत आहे असे सांगणारी काही पत्रे 'केसरी' व 'मराठा' ह्या पत्रांच्या चालकांच्या हाती पडली, व त्यांवर विसंबून संस्थानचे कारभारी बर्वे ह्यांच्यावर कडक लेख आले. पत्रे बनावट निघाली. टिळक व आगरकर ह्यांस १८८२ साली चार महिन्यांची शिक्षा झाली, आणि डोंगरीच्या तुरुंगात त्यांनी १०१ दिवस काढिले. त्यांचा हेतू शुद्ध होता, आणि त्यांनी त्या पत्रांसाठी पैसे मोजले असे कोणी म्हणत नाही. वैर, आशा, प्रसिद्धीची हौस, राजकारणातील डाव ह्यांनीही बातमी रंगते. फरक एवढाच की हे हेतू बातमी देणाऱ्याचे स्वतःचे असतात आणि शहाणा संपादक त्यांचा वास घेत असतो. पैशाचा हेतू संपादक स्वतः निर्माण करतो, आणि स्वतःच्या हाताचा वास कोणाला येत नाही.

हे झाले पत्राकडून बातमीदाराकडे जाणाऱ्या पैशाविषयी. आमच्या गावांत मात्र पैसा बहुधा उलट दिशेने वाहतो, हे येथे सांगितलेच पाहिजे. लहान नगरांतील पुष्कळ वार्ताहरांस पत्राकडून पुरेसे वेतन मिळत नाही. जाहिराती मिळवून त्यांवरील दलालीत त्यांस भागवावे लागते. ज्या पुढाऱ्याकडून वाढदिवसाची जाहिरात आणावयाची त्याच्याच गटाराच्या ठेक्याविषयी लिहावयाचे, ही त्यांची रोजची कोंडी. पत्रकार परिषदेत हळूच पुढे सरकविल्या जाणाऱ्या पाकिटाविषयी तर लोकांत विनोदच रूढ झाले आहेत. ह्याच रोगाचे मोठे रूप महाराष्ट्रास २००९ च्या विधानसभा निवडणुकीत दिसले. पत्रकार पी. साईनाथ ह्यांनी दाखवून दिले की तेव्हाचे मुख्यमंत्री अशोक चव्हाण ह्यांची स्तुती करणारा एकच मजकूर परस्परांशी स्पर्धा करणाऱ्या मराठी दैनिकांत बातमी म्हणून शब्दशः छापून आला होता, आणि उमेदवाराच्या हिशेबात वर्तमानपत्रांतील जाहिरातींचा खर्च अवघा ५,३७९ रुपये दाखविला होता. पैसे घेऊन बातमी छापली हा आरोप चव्हाणांनी व पत्रांनी नाकारिला. निवडणूक आयोगाने २०१४ साली चव्हाणांचा हिशेब नियमाप्रमाणे नाही असा निर्णय दिला. तो त्याच वर्षी दिल्ली उच्च न्यायालयाने रद्द केला. उत्तर प्रदेशातील उमलेश यादव ह्या महिला आमदारास मात्र अशाच कारणावरून २०११ साली तीन वर्षांसाठी अपात्र ठरविण्यात आले. प्रेस कौन्सिलने ह्या विषयावर दोन सभासदांची समिती नेमिली. तिचा सविस्तर अहवाल २०१० साली तयार झाला; परंतु त्यात पत्रांची नावे असल्यामुळे कौन्सिलने आरंभी त्याचा संक्षेपच स्वीकारिला, आणि माहिती आयुक्तांच्या आदेशानंतर २०११ साली पूर्ण अहवाल लोकांपुढे आला. मत्तयाच्या शेवटच्या अध्यायात पहारेकऱ्यांस रुपे देऊन एक गोष्ट पसरविण्यास सांगितले गेले त्याचा उल्लेख आहे. उपदेशकांनी तो भाग शिकविताना ह्या नव्या प्रकाराची आठवण अवश्य द्यावी, कारण मंडळीतील मतदारांचा त्याच्याशी संबंध आहे.

आता गरिबाच्या बाजूने जी तक्रार ऐकू येते तिच्याकडे वळू. ती अशी: 'आमच्या दुःखावर पत्राचा खप वाढतो, वाहिनीला जाहिराती मिळतात, वार्ताहरास बढती मिळते. ज्याचे घर वाहून गेले त्यालाच तेवढे काही घेऊ नको म्हणून का सांगता?' ही तक्रार हलकी नाही, व तिला आमच्यापाशी सोपे उत्तर नाही. १९३६ साली अमेरिकेत डोरोथिआ लँग ह्या बाईंनी कॅलिफोर्नियातील एका छावणीत उपाशी मुलांना घेऊन बसलेल्या एका मजूर मातेचे छायाचित्र घेतले. ते जगभर गेले. सरकारने त्या छावणीस धान्य पाठविले, पण तोपर्यंत ती माता पोटासाठी पुढे निघून गेली होती. फ्लॉरेन्स थॉम्प्सन हे तिचे नाव लोकांस कळले ते चाळीस वर्षांनी, आणि त्या छायाचित्रातून आपणांस एक पैसाही मिळाला नाही असे ती सांगत असे. उलट १९७७ साली माजी अध्यक्ष निक्सन ह्यांनी डेव्हिड फ्रॉस्ट ह्यांस मुलाखत दिली तेव्हा ६ लाख डॉलर व नफ्यातील वाटा पदरात पाडून घेतला. ज्याच्यापाशी वकील होता त्याला पैसे मिळाले. जिच्यापाशी वकील नव्हता तिला नीतीचा नियम लागू झाला. जो नियम बलवानाला सोडतो व दुबळ्याला धरितो त्याविषयी मनात संशय येणे साहजिकच आहे.

तरीसुद्धा आम्ही म्हणतो की हकिकतीची किंमत घेऊ नये, आणि असे म्हणताना पत्रांकडून एक मोठे कर्तव्य मागतो. ज्याच्या दुःखावर पत्र चालले त्यास त्या पत्राने मदत करावी. परंतु ती बातमी छापून झाल्यावर, अटीविना, आणि वाचकांस सांगून. वाचकांकडून वर्गणी जमवून घर बांधून देणे हा आपल्याकडचा जुना व चांगला प्रघात आहे. अशा मदतीत मनुष्य काय बोलला ह्याचा भाव ठरत नाही. आधी दिलेला पैसा लपवावा लागतो; नंतर दिलेला सांगता येतो. कोणता पैसा कोणत्या जातीचा आहे हे ओळखण्यास आम्हांस ह्याहून सोपी परीक्षा ठाऊक नाही.

एका बाबतीत तर किंमत कितीही येवो, विक्री होऊच शकत नाही. लहान मुलावर अत्याचार झाला असेल तर २०१२ च्या पोक्सो कायद्याच्या तेविसाव्या कलमाप्रमाणे त्या मुलाचे नाव, पत्ता, छायाचित्र, कुटुंबाची माहिती, शाळा, शेजार किंवा ज्यावरून ते ओळखले जाईल असे दुसरे काहीही प्रसिद्ध करता येत नाही. तसे करणाऱ्यास सहा महिन्यांपासून एक वर्षापर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. आईबापांनी पैसे घेऊन होकार दिला तरी ते चालत नाही. मुलाच्या हितासाठी आवश्यक वाटल्यास केवळ विशेष न्यायालय लेखी कारणे देऊन परवानगी देऊ शकते. कायद्याने हे ओळखले आहे की मुलाचे नाव ही आईबापांची मिळकत नव्हे. गावातील मंडळींनीही हे ओळखावे. वार्ताहर पैसे न देता केवळ 'ते घर कोणते?' एवढे विचारील, आणि सांगणाऱ्यास त्यात काही वावगे वाटणार नाही. आपल्या भ्रमणध्वनीवरून अशा मुलाचे चित्र पुढे पाठविणाराही त्याच दोषात सापडतो.

मग वार्ताहर दारात आला तर काय करावे? त्याचे नाव व पत्राचे नाव विचारून लिहून ठेवावे. आपण स्वतः पाहिलेले एका बाजूस व ऐकलेले दुसऱ्या बाजूस ठेवून सांगावे, आणि ठाऊक नाही तेथे ठाऊक नाही म्हणावे. कॅमेऱ्यापुढे हे म्हणणे कठीण जाते, पण जमते. नाव छापू नये अशी इच्छा असेल तर बोलण्यापूर्वी तसे सांगावे, बोलून झाल्यावर नव्हे. प्रकरण पोलिसांत गेले असेल तर जे पोलिसांस सांगितले नाही ते वाहिनीस प्रथम सांगू नये. पैसे पुढे केले तर, हे कशाचे, असे सरळ विचारावे; भाड्याचे असतील तर भाड्याइतकेच घ्यावे. न बोलण्याचाही हक्क आहे. शोकात असलेल्या घरी उपदेशकाने किंवा शेजाऱ्यांपैकी एखाद्या जाणत्या बाईने दारात उभे राहून, 'आज नको,' एवढे म्हटले तरी त्या घरावर मोठे उपकार होतात.

छापलेल्या पत्रात चुकीचे किंवा अपमानकारक आले असेल तर प्रथम संपादकास लेखी कळवावे व त्या पत्राची प्रत आपल्यापाशी ठेवावी. त्याने दाद न दिल्यास दिल्लीच्या प्रेस कौन्सिलकडे तक्रार करिता येते. दैनिक व साप्ताहिकाविषयीची तक्रार मजकूर छापल्यापासून दोन महिन्यांच्या आत, इतर नियतकालिकांविषयीची चार महिन्यांच्या आत पोहोचावी लागते, आणि त्यास फी नाही. सोबत छापील मजकुराचे कात्रण लागते. म्हणून तो अंक रद्दीत घालू नये. दूरदर्शन वाहिन्या मात्र ह्या कौन्सिलच्या कक्षेत येत नाहीत.